शिळं पाणी

भांडुपला क्लोरीनवर होतो मी, एकतीस वर्षं.
पिवळे सिलिंडर, रबरी नळ्या, नाकावर ओला रुमाल.
हेमलता म्हणायची, तुमच्या बनियनला
तरणतलावाचा वास येतो.
अर्ध्या शहराच्या पेल्यात मी थोडा थोडा गेलोय,
कुणाला ठाऊकही नाही.

आता मुलुंडला, तळमजल्याच्या मागे,
ड्रेनेजची लाइन आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये
जी बारा बाय सात जागा कुणाच्याच हिशेबात नव्हती
तिथे तळं आहे.
म्हणजे हौद.
हेमलता डबकं म्हणते,
पण गवार मोडायला तिथेच बसते.

कोय आणतोय म्हटल्यावर तिला वाटलं, आंब्याची.
म्हणाली, त्यात काय आणायचं, कुंडीत टोचा.
मी आणले नऊ मासे, कुर्ल्याहून, दोन पिशव्यांत,
रिक्षात मांडीवर घेऊन, बाळंतिणीसारखा सावरून.
आठ रंगीत. नववा करडा,
गढूळ पाण्याला शेपूट फुटावी तसा.
दुकानदाराने कोसर म्हणून टाकलेला.

कडेला कर्दळ लावली, विटांवर वेखंड.
वाळ्याची मुळं पाण्यात सोडली, ती गाळ धरतात.
कुमुद दुपारी मिटतं, शाळा सुटल्यासारखं.
पालिकेचा मलेरियावाला पोरगा आला,
पळी बुडवली, उजेडात धरली. अळी नाही.
त्याच्या वहीत रकानाच सापडेना:
टाकी, पिंप, फुलदाणी, टायर.
शेवटी ‘इतर’वर खूण करून
पाच मिनिटं कठड्यावर बसून राहिला.

मे महिन्यात पाणी वीतभर उतरलं.
पहाटे चारला नळ आला. पाइप सोडला हौदात
आणि जरा आडवा झालो.
जरा.
साडेसहाला आठही वर.
कल्ले लालभडक, तोंडं उघडी,
आणि तो वास.
एकतीस वर्षं जो रुमालाने थोपवला,
तो भांडुपहून नळातून माझ्यामागे आला होता,
पत्ता बरोबर शोधत.

हेमलता काही बोलली नाही.
परातीत एकेक उचलून ठेवला तिने,
पोळ्यांची परात होती. परत कधी वापरली नाही.

नववा दुपारी दिसला. वाळ्याच्या मुळांत,
अगदी तळाशी, श्वास मोजून घेत.

आमच्या बिल्डिंगीत रोजचा नेम आहे:
ताजं आलं की कालचं ओतायचं.
शिळं पाणी देवाला नाही, पाहुण्याला नाही.
माझी आईसुद्धा हंडा पालथा घातल्याशिवाय
नवा भरत नसे.
आणि मी दारोदार सांगत फिरलो,
ओतू नका हो, मला द्या.
एक दिवस पडून राहिलं की त्यातलं तिखट उडून जातं.
लोकांना वाटलं, निवृत्तीचा परिणाम.

पहिल्या उतरल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुंदाबाई खोपकर,
कमरेवर कळशी, चेहऱ्यावर संकोच,
उष्टं वाढायला आल्यासारखा.
‘शिळंच आहे हं. चालेल ना?’
मग परेरांचा मुलगा बादली घेऊन.
मग चौथ्या मजल्याने गच्चीवरून पाइपच सोडला,
तो माझ्या कर्दळीवर पडला, दोन पानं फाटली.
मी काही म्हणालो नाही.
उलट हात वर करून सांगितलं, येऊ दे, येऊ दे.

तरी दोन पिंपं माझी मी भरतोच.
वर खडूने वार लिहितो. मंगळवारचं बुधवारी.
स्पंज धुतो तो हौदाच्याच पाण्यात, नळाखाली नाही,
त्यातली बरी घाण जपावी लागते.
भिंतीवर ढोकरी बसते मान आखडून,
तिच्यासाठी जाळी ताणलीय,
आमचं एकमेकांवर लक्ष असतं.

नवे मासे? बघू. हेमलता विचारते अधूनमधून.
करडा आता हातभर झालाय.
संध्याकाळी बोटाला तोंड लावतो, दाणा नसला तरी.

पहाटे चारला मात्र नळ आधी खाकरतो,
हवा सोडतो, मग पिंपात धार लागते.
हौदापासून चांगला दहा पावलं लांब.
तरी तो मुळांत शिरतो
आणि मी नळ बंद करेपर्यंत
बाहेर येत नाही.